घरामुळं दुसऱ्याला इजा झाली तर कोणता विमा?

जुळे सोलापूरची ताई: वळवाच्या वादळात आमच्या गच्चीवरचा पत्रा उडून शेजारच्या काकूंच्या स्कूटीवर पडला. सीट उभी फाटली, हेडलाईटचा चुरा. खर्च आम्ही दिला, द्यायलाच हवा होता. पण काकू तेव्हा गाडीवर बसलेल्या असत्या तर? हाच विचार पाठ सोडत नाही. माझा भाऊ अमेरिकेत असतो. त्याच्या घराच्या आणि गाडीच्या विम्यावर दहा लाख डॉलरची अम्ब्रेला पॉलिसी आहे. खालच्या विम्याची मर्यादा संपली की पुढचं ती भरते. आपल्याकडं असं मिळतं का?

विमा एजंट, होटगी रोड: ताई, तशी पॉलिसी इथं घरगुती ग्राहकाला सहजासहजी मिळत नाही. हाऊसहोल्डर्स पॅकेज, म्हणजे घरासाठीच्या अनेक विम्यांची एकत्र पॉलिसी मागा आणि त्यात पब्लिक लायबिलिटीचा, म्हणजे आपल्यामुळं दुसऱ्याला झालेल्या इजा-नुकसानीच्या भरपाईचा भाग आहे का, रक्कम किती, हे आधी वाचा. १ एप्रिल २०२१ पासून आलेली भारत गृह रक्षा ही घराची पॉलिसी मुळात तुमचं घर आणि सामान सांभाळते. शेजाऱ्याची भरपाई त्यात धरू नका.

मोदीखान्यातला काका: गाडीचं वेगळं असतं बरं का. थर्ड पार्टी विम्यात, म्हणजे आपल्या गाडीमुळं दुसऱ्याचं नुकसान झालं तर, माणसाच्या इजेला, मृत्यूला रकमेची मर्यादा नाही. मालमत्तेच्या नुकसानीला खासगी कारसाठी साडेसात लाख.

जुळे सोलापूरची ताई: आणि धुण्याभांड्याच्या मावशी जिन्यावरून पडल्या तर?

विमा एजंट, होटगी रोड: त्यासाठी पॅकेजात कामगार भरपाईचा विभाग वेगळा घ्यावा लागतो. मावशींचं काम विम्याच्या प्रस्ताव अर्जात स्पष्ट लिहा. आणि पत्रा आधी नट-बोल्टनं आवळून घ्या, नुसत्या विटा ठेवून भागत नाही.