मदत हवी आहे: बाबांच्या किडनीतल्या गाठीसाठी एमआरआय की कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी?

नमस्कार मंडळी,

बाबा ६८ वर्षांचे. जुना मधुमेह, क्रिएटिनिन १.८, ईजीएफआर (किडनीचा रक्त गाळण्याचा वेग) ४०, म्हणजे किडनी कमजोर. पोट दुखतंय म्हणून सोनोग्राफी केली, तर डाव्या किडनीत ३.२ सेंटीमीटरची गाठ निघाली. आत पडदे दिसतात, साधी पाण्याची गाठ वाटत नाही, असं रिपोर्टमध्ये आहे. मग कॉन्ट्रास्टशिवाय (चित्र उठावदार करणारं औषध शिरेतून न देता) सीटी झाला, त्यात घनता ३४ एचयू (सीटीवर घनता मोजायचं एकक). पाण्याची गाठ २० च्या आत असते, आणि एकसारखी ७० च्या वर असती तरी जुनं रक्त समजून सुटलो असतो. आमची नेमकी मधल्या पट्ट्यात अडकली.

आता प्रश्न एवढाच की पडद्यांना रक्तपुरवठा आहे का. त्यावर आणि पडद्यांच्या जाडीवर बोस्नियाकची (किडनीतल्या अशा गाठींच्या कॅन्सरच्या धोक्यानुसार पायऱ्या लावायची पद्धत) पायरी ठरणार: २एफ असेल तर दर काही महिन्यांनी तपासणी, ३ असेल तर ऑपरेशनची चर्चा. कॉन्ट्रास्ट देऊन सीटी केला तर हे कळेल, पण ही किडनी बघून डॉक्टर आधी दुसरा मार्ग शोधू म्हणाले.

त्यांनी एमआरआय सुचवला. एमआरआयच्या कॉन्ट्रास्टला वापरतात ती नवीन गॅडोलिनियमची औषधं ईजीएफआर ४० ला चालतात, त्याची भीती नाही. अडचण श्वासाची आहे. औषधाआधीचं आणि नंतरचं चित्र एकमेकांतून वजा करतात, त्यासाठी दर वेळी पंधरा-वीस सेकंद श्वास सारखाच धरावा लागतो. काल रात्री घड्याळ लावून बसलो. नवव्या सेकंदाला बाबांनी श्वास सोडला आणि विचारलं, "झालं का रे?" त्यात त्यांना कमी ऐकू येतं; मशीनच्या आवाजात सूचना कशा कळणार?

दुसरा पर्याय कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी. शिरेतून वायूचे सूक्ष्म बुडबुडे सोडतात, तो वायू फुफ्फुसातून बाहेर पडतो, किडनीवर भारच नाही. पडद्यातला बारीक रक्तप्रवाहही त्यात लगेच दिसतो. पण बाबांचं पोट सुटलेलं आहे, गॅसही फार. गाठ नीट दिसेल का? शिवाय बोस्नियाकच्या २०१९ च्या सुधारित निकषांत सीटी आणि एमआरआय आहेत, ही तपासणी नाही. मग सर्जन तो रिपोर्ट धरतील का?

कोणाच्या घरी अशी वेळ आली होती का? कमी श्वास धरणाऱ्या पेशंटचा एमआरआय नीट झालाय का, सराव कसा करून घेतलात? आणि कोल्हापूर-सांगली-पुणे भागात कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी नेहमी करणारे रेडिओलॉजिस्ट कसे शोधायचे? गुरुवारी डॉक्टरांना भेटायचंय, त्याआधी कळलं तर फार उपकार होतील.