मदत हवी आहे : व्हेलॉसिटी मॉडेल (जमिनीखाली लहरींचा वेग कुठे किती याचं चित्र) अपडेट केलं की पाषाणाखालचा लाल थर पुसला जातो

नमस्कार मंडळी. मी भूशास्त्रात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव निपाणीजवळ, वेदगंगेच्या बाजूला. प्रोजेक्टसाठी काकांच्या शेतात सिस्मिक रिफ्रॅक्शनचा सर्व्हे केलाय, म्हणजे जमिनीवर ठोका मारून लहरी किती वेळात पोचतात त्यावरून खालचे थर ओळखायचे. काकांचे दोन बोअर कोरडे गेलेत आणि तिसऱ्यासाठी पुन्हा कर्ज काढायचं घरात चाललंय. "पोरी, तुझं मशीन काय सांगतंय ते बघून मगच गाडी बोलावतो," असं त्यांनी म्हटल्यापासून हे काम माझ्यासाठी नुसत्या मार्कांचं राहिलेलं नाही.

मांडणी अशी : २४ जिओफोन (जमिनीची कंपनं टिपणारे सेन्सर), दर ५ मीटरवर एक, म्हणजे ११५ मीटरची लाइन. आठ किलोचा घण आणि लोखंडी प्लेट, प्रत्येक जागी दहा ठोक्यांचं स्टॅक, म्हणजे दहाही नोंदींची बेरीज. हायवेवर उसाच्या ट्रॉल्यांची घरघर सुरू व्हायच्या आत उरकायचं म्हणून पहाटे साडेचारला सुरुवात केली. इन्व्हर्जन, म्हणजे मोजलेल्या वेळांशी जुळेपर्यंत मॉडेल फेरीफेरीने सुधारणं, पायजिमली या सॉफ्टवेअरमध्ये केलंय.

शेजारच्या शेतातल्या चालू बोअरची नोंद आम्हाला मिळाली. बोअरच्या गाडीवरच्या माणसाने वहीत कन्नडमध्ये लिहिलेलं होतं, मला कन्नड वाचता येतं म्हणून बरं. ५ फुटांपर्यंत माती, ३० पर्यंत मुरूम, ३० ते ८० 'कप्पु कल्लु' म्हणजे काळा पाषाण, ८० ते ८८ 'केंपु मण्णु' म्हणजे लाल माती, त्याखाली मांजऱ्या खडक आणि ९२ फुटांवर पाणी. म्हणजे लाव्हाच्या दोन प्रवाहांमधला लाल थर आणि खालच्या प्रवाहाचा सच्छिद्र माथा. लाल थर स्वतः चिकट असतो, पाणी देत नाही. पाणी त्याखालच्या मांजऱ्यात आहे. तो थर काकांच्या शेताखाली येतो का, एवढंच मला बघायचंय.

आता अडचण. माझ्या मॉडेलमध्ये माती ४०० मीटर प्रतिसेकंद, मुरूम ११०० च्या आसपास, ९ ते १० मीटरवर एकदम ४५००, आणि तिथून खाली चित्रात सगळं लालभडक, म्हणजे जास्त वेगाचं. मऊ थराचा मागमूस नाही. म्हणून सुरुवातीच्या मॉडेलमध्ये २४ ते २७ मीटरवर मी हाताने १८०० चा पट्टा घातला. प्रत्येक अपडेटला तो फिका होत गेला आणि पाचव्या फेरीला गायब. त्याहून चक्रावणारी गोष्ट म्हणजे पट्टा घालून चूक (मोजलेल्या आणि मॉडेलच्या वेळांतला फरक) २.९ मिलिसेकंद येते आणि न घालताही २.९ च. स्मूदिंग (शेजारशेजारचे वेग सारखे ठेवायचं सेटिंग) कमी केलं तर नुसते ठिपके-ठिपके येतात. कोणतं सेटिंग बदलू म्हणजे थर टिकेल? की माझ्या डेटातच तो नाही?

गोकाककर :

ताई, शेवटचा प्रश्न बरोबर आहे. डेटात तो नाही आणि कितीही चांगला सर्व्हे केला तरी पहिल्या आगमनात, म्हणजे जिओफोनवर सर्वात आधी पोचणाऱ्या लहरीत, तो येणार नाही. रिफ्रॅक्शनचा सगळा डोलारा खाली वेग वाढत जातो या गृहीतकावर उभा आहे. लहर वेगवान थरात शिरताना आडवी वळते आणि त्याच्या माथ्यावरून धावत वर परतते. खालचा थर वरच्यापेक्षा मंद असेल तर लहर तिथे आणखी खाली वळते, वर येतच नाही. आमच्याकडे गोकाकला वालुकाश्मावर मुरूम आहे, तिथे ही पद्धत छान चालते. तुमच्याकडे पाषाणाखाली मऊ थर, म्हणजे उलटा प्रकार. सौराष्ट्रात बेसाल्टखालचे गाळाचे थर शोधणाऱ्या तेलवाल्यांनाही हेच दुखणं आहे, फक्त त्यांची खोली किलोमीटरात.

एक करून बघा. वेगाच्या चित्रावर किरणमार्ग, म्हणजे लहरींच्या वाटा, काढा. ते कुठवर जातात?

धागाकर्ती :

काढले. सगळे किरण पाषाणाच्या माथ्यावरून सरकतात, सर्वात खोल जातो तो जेमतेम १४ मीटर. त्याखाली एकही नाही! मग खालचा लाल रंग कशाच्या जोरावर दिसतोय?

गोकाककर :

स्मूदिंगच्या जोरावर. जिथे किरण नाही तिथे सॉफ्टवेअर मॉडेलच्या जाळ्यातल्या शेजारच्या पेशीची किंमत पसरवतं. तुमचा पट्टाही त्याच नियमाने पुसला, डेटाने त्याला नाकारलं म्हणून नव्हे. चूक दोन्हीकडे २.९ च येते याचा अर्थ डेटाला त्या खोलीबद्दल मतच नाही. १४ मीटरखालचा भाग चित्रात राखाडी करून टाका. गाइडना दाखवतानाही आणि काकांना दाखवताना तर नक्कीच.

टिळकवाडीतून :

मी बरीच वर्षं सिस्मिक प्रोसेसिंगमध्ये होतो, आता निवृत्त. वरचं उत्तर योग्य आहे, पण मला त्या २.९ वरच थांबावंसं वाटतं. घणाच्या सर्व्हेला, शांत पहाटे, ही चूक जास्त आहे. मॉडेलला हात लावण्याआधी पिकिंग, म्हणजे नोंदीवरून वाचलेले आगमनाचे वेळ, तपासा. पहिल्या जिओफोनपाशी ठोका मारून चोविसाव्यावर जो वेळ येतो, तोच वेळ चोविसाव्यापाशी मारून पहिल्यावर यायला हवा. वाट एकच असते. तुमचे आकडे किती?

धागाकर्ती :

सर, एका बाजूने ४६ आणि दुसऱ्या बाजूने ५२ मिलिसेकंद.

टिळकवाडीतून :

सहाचा फरक फार झाला. मुरमाच्या ११०० वेगाने सहा मिलिसेकंदात लहर साडेसहा मीटर जाते. तुमचा सगळा मुरूमच नऊ मीटरपर्यंत आहे, मग बघा मॉडेल केवढं वाकडं होत असेल. ५२ आलेल्या टोकाच्या शॉटमध्ये (ठोक्याच्या नोंदीत) प्लेटच्या अगदी जवळचा जिओफोन बघा.

धागाकर्ती :

सापडलं सर. प्लेटपासून मीटरभरावरच्या जिओफोनवर ३ मिलिसेकंदांना यायला हवं ते ९ ला येतंय, शेवटच्या पाचही शॉटमध्ये थोड्याफार फरकाने तसंच. माझ्याच फील्डबुकात "टेप सैल" असं लिहिलेलं आहे. दवाने घणाच्या दांड्यावरची चिकटपट्टी सुटली होती आणि घड्याळ सुरू करणारा ट्रिगरचा स्विच घण प्लेटवर बसण्याआधीच वाजत होता. घड्याळ आधी सुरू, म्हणून प्रत्येक आगमन उशिरा. पण दहा ठोके सारखेच उशिरा नसणार, म्हणून त्या शॉटचं स्टॅकही धूसर आहे.

टिळकवाडीतून :

म्हणूनच सहा वजा करून चालणार नाही. ते पाच शॉट पुन्हा घ्या.

मग मॉडेलचं. शेजारची नोंद वापरायची असेल तर पट्टा नुसता सुरुवातीच्या मॉडेलमध्ये घालून उपयोग नाही, मेशमध्ये (मॉडेलच्या जाळ्यात) त्याची वरची-खालची सीमा आखा. सीमेला मार्कर (ओळखखूण) दिला की स्मूदिंग ती ओलांडत नाही. पट्ट्याचा वेग स्थिर ठेवा. मात्र अहवालात लिहा की हा थर वहीतून घेतलाय, मोजलेला नाही. रिफ्लेक्शनने (थरावरून परतणाऱ्या लहरींनी) दिसेल का असं पुढे विचाराल, म्हणून सांगतो : ६० हर्ट्झला १८०० वेगात तरंगलांबी ३० मीटर, तिचा चौथा हिस्सा साडेसात, त्याहून पातळ थर वेगळा ओळखू येत नाही. तुमचा लाल थर अडीच मीटरचा. मांजऱ्या धरून जाड झाला तर अंधुक खूण मिळेल, भरवसा नाही.

त्यापेक्षा रेझिस्टिव्हिटी करा, म्हणजे जमिनीत वीज सोडून तिला होणारा रोध मोजा. चिकट लाल थरातून वीज सहज वाहते, पाषाणातून जात नाही. फरक स्पष्ट आहे. थर पातळ असल्याने तिथेही जाडी नेमकी मिळणार नाही, पण सिस्मिकमधून आलेली ९ मीटरची सीमा तिथे पक्की धरता येते. तुमची मेहनत वाया गेलेली नाही.

धागाकर्ती (अपडेट) :

रविवारी पाचही शॉट पुन्हा घेतले. या वेळी स्विच सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने घट्ट बांधला. आता ४६ आणि ४६.५. चूक १.३ वर आली. पूर्वेकडे मुरूम जाड दिसत होता तो गेला, पाषाणाचा माथा जवळजवळ सपाट आहे. पट्टा सीमा आखून घातला, टिकला, आणि चूक तरीही १.३ च. आधी याच गोष्टीने चक्रावले होते, आता तिचा अर्थ कळतोय.

काकांना चित्र दाखवलं, खालचा राखाडी भाग बोट ठेवून दाखवला. ते बराच वेळ बघत बसले आणि गाडीवाल्याला फोन करून पंधरा दिवस थांबायला सांगितलं.

शेताची लांबी दोनशे मीटरवर आहे आणि बांध ओलांडायला शेजाऱ्यांची हरकत नाही, म्हणजे एबी बाय दोन (रेझिस्टिव्हिटीत वीज सोडणाऱ्या दोन टोकांमधलं निम्मं अंतर) शंभर मीटरपर्यंत नेता येईल. आमच्या विभागाचं रेझिस्टिव्हिटी मीटर परीक्षेपर्यंत मोकळं नाही. निपाणी, चिकोडी, संकेश्वर किंवा कोल्हापूरकडे कुणाच्या ओळखीत दोन दिवसांसाठी मिळेल का? येण्या-जाण्याचं आणि जेवणाचं आमच्याकडे. डेटाही इथे टाकेन, सगळ्यांना बघता येईल असा.