मदत हवी आहे: पॉवरपॉइंटमध्ये मराठी फॉन्ट आणि स्लाइड मास्टर

नमस्कार मंडळी,

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला भूगोल शिकवते. सह्याद्रीतला बेसॉल्ट खडक, लाव्हाचे थर मुलांना चित्रांतून दाखवायचे म्हणून पॉवरपॉइंट शिकायला घेतलंय. नवी स्लाइड घेणं, फोटो टाकणं, एफ ५ दाबून शो सुरू करणं एवढं जमतं.

अडचण मराठीची. घरी जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये १८ स्लाइड टाइप केल्या. शाळेच्या संगणकावर तो फॉन्टच नाही, त्यामुळे 'ज्वालामुखी'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उमटली. मुलं उत्सुकतेने बसली होती, फार वाईट वाटलं. आता सगळं मंगल या युनिकोड फॉन्टमध्ये पुन्हा टाइप करू, की आहे तो मजकूर युनिकोडमध्ये बदलता येतो? सेव्ह करताना फॉन्ट फाइलमध्येच बसवायची सोय असते ना, ती कुणी वापरली आहे का? (शाळेत पॉवरपॉइंटऐवजी लिबरऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर आहे.)

दुसरं, स्लाइड मास्टर. त्यात शीर्षकाचा आकार एकदा बदलला की सगळीकडे बदलतो म्हणतात. पण मी आधी हाताने बदललेल्या स्लाइड तशाच राहतात. कुठे चुकतंय?

प्रोजेक्टर जुना, ४:३ (रुंदी:उंची) चा आहे. स्लाइडचा आकार आधीच बदलून घ्यावा का?

पुढचा तास सोमवारी आहे. पायरीपायरीने सांगितलंत तर फार मदत होईल.