गावच्या मैदानाला ‘स्मार्ट स्टेडियम’ पॅकेज द्यायला आलेत, नेमकं काय घ्यावं?

सचिव_दारव्हा

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यात आमचं गाव. गावाबाहेर ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी, जागेवर मैदान आहे. एका बाजूला सिमेंटच्या पाच पायऱ्या आहेत म्हणून आम्ही त्याला स्टेडियम म्हणतो. कापूस वेचून झाला, तूर घरात आली की जानेवारीत खुली कबड्डी. रात्रीचे सामने असतात आणि फायनलला आजूबाजूच्या खेड्यांतून ट्रॅक्टर भरून माणसं येतात. बाकी वर्षभर पोरं-पोरी पोलीस भरतीसाठी धावतात, आणि टेनिस बॉल क्रिकेट तर असतंच.

यंदा थोडा निधी मिळतोय. ही बातमी कशी फुटली देव जाणे, पण नागपूरहून एक कंपनीवाला दारात हजर. लॅपटॉप उघडून म्हणाला, जामठ्याचं स्टेडियम पाहिलंय ना सर, तसंच करून देतो. गेटवर चेहरा ओळखणारे कॅमेरे, ॲपवर तिकीट, मोठा पडदा, जमिनीत ओलाव्याचे सेन्सर, सगळं क्लाउडवर. लाईट गेली तर काय, असं मी विचारलं. म्हणे बॅकअप ऑप्शनल आहे सर. माझं कृषी केंद्र आहे, ‘ऑप्शनल’ कशाला म्हणतात हे मला चांगलं कळतं.

आमच्या खऱ्या अडचणी त्याने विचारल्याच नाहीत, त्या इथे सांगतो. चार खांबांवर जुने मेटल हॅलाइडचे दिवे आहेत. चालू रेडमध्ये लाईट गेली आणि दोन मिनिटांत परत आली तरी मैदान अंधारातच, आणि पब्लिक शिट्ट्या मारतं. बोअरच्या मोटरची किल्ली एकाच माणसाकडे, आणि तो लग्नाला गेला की मैदान कोरडं. फायनलच्या रात्री फोनला नेट राहत नाही, चहावाल्याचं यूपीआय फिरत बसतं. आणि आत किती माणसं शिरली याचा पत्ता कोणालाच नसतो. पायऱ्या पुरत नाहीत म्हणून समोर लाकडी गॅलरी बांधतो, तिची मला दरवर्षी धास्ती असते.

मंडळातल्या पोरांना ॲप पाहिजे, मोठा पडदा पाहिजे आणि रिव्ह्यूसुद्धा पाहिजे. मला कोणी जाणकाराने सांगावं, यातलं काय घ्यावं?

वायरमन_हिंगणघाट

सचिवभाऊ, सुरुवात दिव्यांपासून करा. मेटल हॅलाइडचा दिवा एकदा विझला की थंड झाल्याशिवाय परत पेटत नाही. दहा-पंधरा मिनिटं जातात, तुमचं पब्लिक शिट्ट्या मारणारच. एलईडी फ्लडलाइट लाईट आली की लगेच लागतो, आणि तेवढ्याच उजेडाला वीजही कमी खातो. घेताना वॅट पाहू नका. ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारा भाग) कोणता आहे आणि सर्ज प्रोटेक्शन, म्हणजे विजेच्या झटक्यापासून संरक्षण, किती केव्हीचं आहे ते विचारा. आपल्याकडे मे-जूनमध्ये विजा कडाडतात तेव्हा स्वस्त ड्रायव्हर रांगेने मरतात.

दुसरं, प्रत्येक खांबावरचे दिवे तिन्ही फेजवर वाटून घ्या. एक फेज गेला तरी चारही खांबांवर दोन तृतीयांश उजेड राहतो, सामना थांबत नाही. बरेच जण एक खांब एका फेजवर टाकतात. मग फेज गेला की मैदानाचा एक कोपराच गायब.

मोटरसाठी कंपनीवाल्याची गरजच नाही. तुमच्या गावात निम्म्या शेतांत मोबाईल ऑटो बसलेला असेल. मिसकॉल दिला की मोटर चालू, परत दिला की बंद. तोच मैदानाच्या बोअरला लावा आणि मंडळातल्या तीन-चार जणांचे नंबर त्यात टाका. सोबत सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारा) आणि ड्राय रन संरक्षण पाहिजेच. उन्हाळ्यात बोअरचं पाणी खाली गेलं आणि घरी बसून कोणी मिसकॉल दिला, तर मोटर कोरडी फिरून जळते. दिव्यांच्या कॉन्टॅक्टरलाही (जड लोडचा स्विच) असाच मोबाईल सिमवाला स्विच लावता येतो, पण हाताने चालू-बंद करायचा बटन पॅनलवर ठेवाच.

मंजूर लोड वाढवून घ्या. आकडा टाकून स्मार्ट स्टेडियम चालत नसते.

अकोल्याचा_आखातात

मी मूळचा अकोल्याचा, सध्या आखातात एका मोठ्या स्टेडियमच्या कंट्रोल रूममध्ये आहे. सचिवसाहेब, मोठ्या ठिकाणी हे आतून कसं चालतं ते सांगतो, म्हणजे त्या पॅकेजमधलं कामाचं काय हे तुमचं तुम्हालाच दिसेल.

दिवे, एसी, पंप, गेट, कॅमेरे, भोंगे, फायर अलार्म, प्रत्येकाचा कंट्रोलर वेगळा असतो आणि तो एकट्याने चालू शकतो. हे सगळे मॉडबस, बॅकनेट अशा ठरलेल्या भाषांतून वरच्या एका संगणकाला आपली खबर देतात, आणि आम्ही पडद्यावर ती बघतो. २०२२ च्या कतारच्या फुटबॉल विश्वचषकात आठही स्टेडियम एकाच कमांड सेंटरमधून पाहिली जात होती. पण ऐकायला ‘एकाच ठिकाणाहून चालतं’ असं वाटलं तरी जिवाशी संबंधित कुठलीच गोष्ट त्या संगणकावर टांगलेली नसते. आग लागल्याचा सिग्नल आला की गेटचं कुलूप सुटायला सर्व्हरची परवानगी लागत नाही, ती वायर थेट गेलेली असते. नेट गेलं तर आमचा पडदा कोरा होतो, स्टेडियम चालू राहतं. तुमचा कंपनीवाला सगळं क्लाउडवर टाकतोय, म्हणजे गावचं नेट गेलं की गेटही गेलं. त्याला एवढंच विचारा, तुमचा सर्व्हर बंद असताना माझे दिवे लागतील का? गप्प बसला तर चहा पाजून वाटेला लावा.

तुमच्या यादीत मला सगळ्यात मोठी वाटली ती शेवटची अडचण. ४ जून २०२५ ला बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत ११ जण गेले. त्याच चिन्नास्वामीत २०१७ पासून मैदानाखाली सबएअर यंत्रणा आहे, पाऊस थांबला की जमिनीतलं पाणी पंपाने ओढून घेते. मैदानाखालचं पाणी यंत्राने ओढता येतं, गेटवरच्या गर्दीचं तसं नसतं. आणि तुमच्या धास्तीच्या जवळचं उदाहरण म्हणजे मार्च २०२१, तेलंगणातलं सूर्यापेट. ज्युनियर राष्ट्रीय कबड्डी स्पर्धेत प्रेक्षक गॅलरी कोसळली, शंभरावर माणसं जखमी झाली. त्यामुळे पैसा मोजणीवर घाला. गेटला एकावेळी एकच माणूस जाईल असा लोखंडी पाइपचा रस्ता, त्यात आडवा इन्फ्रारेड किरण तोडला की आकडा वाढवणारा साधा काउंटर, आत जायचा एक आणि बाहेर यायचा वेगळा. दोन्हींचा फरक गेटवरच्या मोठ्या आकड्यांच्या बोर्डावर. गॅलरीची क्षमता आधी इंजिनिअरकडून लिहून घ्या आणि तो आकडा आला की गेट बंद, मग आमदार का येईनात. बाहेर पडायची वाट मात्र कधीच बंद नाही आणि तिला कुलूप नाही.

नेटचं म्हणाल तर फायनलला टॉवर तोच असतो आणि फोन हजारो, म्हणून ते गुदमरतं. कॅलिफोर्नियात २०१४ ला उघडलेल्या लेव्हाइज स्टेडियममध्ये यावर उपाय म्हणून सुमारे १,२०० वायफाय पॉइंट बसवले होते. तुम्हाला ती गरज नाही. ग्रामपंचायतीत फायबर आला असेल तर रीतसर परवानगी घ्या. पंचायतीच्या गच्चीवरून मैदानाच्या खांबापर्यंत समोरासमोर दिसेल अशी दोन रेडिओ डिशची जोडी लावा. ते वायफाय फक्त स्टॉलवाले, आयोजक आणि यूट्यूबवर लाईव्ह दाखवणारी पोरं यांनाच द्या. पासवर्ड भिंतीवर लिहिला की खेळ खल्लास.

रिव्ह्यूची हौस स्वस्तात भागते. त्याच २०२२ च्या विश्वचषकात ऑफसाइडसाठी छताखाली १२ कॅमेरे होते आणि चेंडूतला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवत होता. कबड्डीत वाद होतो तो बोनस रेषेवर. दोन्ही बोनस रेषांच्या अगदी सरळ रेषेत एकेक फोन ट्रायपॉडवर, स्लो मोशन चालू. पंच मान्य करत असतील तर बस.

क्रीडाशिक्षिका_अमरावती

सचिवभाऊ, जमिनीतल्या सेन्सरबद्दल लिहिते, कारण यावर कोणी बोललं नाही. तुमची जमीन काळी असणार. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगाळते. भेग नेमकी सेन्सरच्या बाजूने पडली की त्याच्याभोवती हवा राहते. मग दोन हातांवर चिखल असताना तो ‘कोरडं आहे’ म्हणून सांगतो आणि मोटर सुरूच. सेन्सर लावायचाच असेल तर कबड्डीच्या मैदानाची वरची काळी माती काढून मुरूम आणि चाळलेली लाल माती भरली असेल तिथे, आणि एकावर विसंबू नका. आमच्याकडे तर सकाळी टायमरने पाणी, मग मूठभर माती दाबून बघायची, मग रोलर. लोरा नावाची रेडिओवरून माहिती पाठवायची पद्धत आहे, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालते, परवाना लागत नाही, सिमही लागत नाही. उघड्या रानात काही किलोमीटर जाते. पाण्याच्या टाकीची पातळी कळवायला मला ती जास्त उपयोगी वाटते.

चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्याला मात्र माझा साफ विरोध आहे. तुमच्या मैदानावर भरतीचा सराव करणाऱ्या मुली येतात असं तुम्हीच लिहिलंय. त्यांचे चेहरे, येण्या-जाण्याच्या वेळा कुठल्यातरी कंपनीच्या संगणकात कशाला? २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा झालाय, त्यात लहान मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितलीय, ती कोण घेणार? त्यापेक्षा गाव ते मैदान रस्त्यावर आणि स्वच्छतागृहाच्या दारात उजेड द्या. पहाटे पाचला धावायला येणाऱ्या मुलीसाठी तेच स्मार्ट आहे. मोठे खांब दिवे न लावता फक्त तेवढे दिवे टायमरवर ठेवता येतात, खर्चही नगण्य. त्या कंपनीवाल्याच्या लॅपटॉपमध्ये स्वच्छतागृह होतं का हो?

पाटील_बाबाजी

हे सारं वाचलं बाप्पा. सारं बराबर हाय. फक्त एक सांगा, त्या मोबाईल ऑटोतल्या सिमचा रिचार्ज कोन भरन? आमच्या गावाले पाण्याच्या टाकीवर असंच एक डबडं बसवलं व्हतं. पह्यल्या वर्षी फीत कापली, फोटो काढले. दुसऱ्या वर्षी रिचार्ज संपला, आता त्याच्यात चिमणीनं घर केलं. कंपनीवाल्याले पाच वर्षाचं लेखी मागा, अन पासवर्ड मंडळाच्या नावानं घ्या. नाहीतर अध्यक्षाच्या पोराच्या फोनात पासवर्ड, अन पोरगं पुण्याले नोकरीवर.

सचिव_दारव्हा

सगळ्यांचे आभार. मॅडम, स्वच्छतागृह लॅपटॉपमध्ये नव्हतं, आणि बाबाजी, रिचार्जचा विषयही नव्हता. दोन्ही मी बैठकीत मांडले. सिमचा वर्षाचा रिचार्ज स्पर्धेच्या प्रवेश फीमधून पहिल्यांदा काढायचा, बक्षिसं नंतर, असं ठरलं. पोरं जरा नाराज आहेत, मोठा पडदा गेला म्हणून. गेटचा पाइपचा रस्ता आमचा वेल्डर फुकट करतोय, काउंटरचा बोर्ड तेवढा विकत घेऊ. लाकडी गॅलरीबद्दल तालुक्याच्या इंजिनिअरला पत्र दिलंय. त्याने लेखी दिलं नाही तर यंदा गॅलरी बांधायचीच नाही, लोक सतरंजीवर बसतील.

वायरमनभाऊ, एकच विचारायचं राहिलं. तीन फेज प्रत्येक खांबावर न्यायचे तर पॅनलपासून केबल कोणती? लांबचा खांब दीडशे मीटरवर आहे.

वायरमन_हिंगणघाट

आर्मर्ड (लोखंडी कवच असलेली), चार कोअर, तीन फेज आणि न्यूट्रल, अर्थिंगची पट्टी वेगळी. जाडी लोड आणि अंतर धरून काढावी लागते, दीडशे मीटरला व्होल्टेज पडतो, म्हणून दुकानदार सांगेल तीच घेऊ नका. एका खांबावर किती दिवे, किती वॅटचे ते टाका, हिशोब करून देतो. केबल जमिनीत अडीच फूट खाली, वर वाळू आणि विटा, कारण तुमच्याकडे मैदान नांगरायला कोणीतरी ट्रॅक्टर घालतंच. आणि खांबाचा पाया काळ्या मातीत संपवू नका, मुरूम लागेपर्यंत खोदा. नाहीतर दोन उन्हाळ्यांत खांब कलतो आणि सगळा उजेड शेजारच्या पऱ्हाटीवर.