डेटा ट्रान्सफर: ‘वहन’ का ‘हस्तांतरण’?

कपाशीवाला: मेनफ्रेमवर (ब्यांकाइत वापरतात तो मोठा कॉम्प्युटर) काम करतो, सध्या गावी आहो, तिवसा तालुक्यात. मोठा डेटा एका ॲप्लिकेशनातून दुसऱ्यात लवकर कसा द्यायचा यावर मराठीत टिपण लिहू राह्यलो. ट्रान्सफरले ‘वहन’ लिहिलं तं चालते का?

जुना कोबोलवाला: वहन म्हणजे माल इथून उठला अन् तिथं पडला. पहिले तसंच होतं भाऊ, ॲप्लिकेशनच्या मेमरीतून व्हीटॅम (नेटवर्कवर डेटा पाठवणारं आयबीएमचं सॉफ्टवेअर) कॉपी आपल्या बफरात, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, घेणार मंग पुढं पाठवणार, लहान मेसेजले काही फरक नाही पण मोठी फाइल असली की प्रोसेसर नुसती हमाली करत बसते. म्हणून आयबीएमनं एचपीडीटी (हाय परफॉर्मन्स डेटा ट्रान्सफर) आणलं, त्यात डेटा सीएसएमच्या (कम्युनिकेशन्स स्टोरेज मॅनेजर, बफर सांभाळणारा भाग) सामाईक बफरात राह्यते अन् व्हीटॅमच्या हातात फक्त टोकन, म्हणजे त्या बफरची ओळखचिठ्ठी, जाते. माल जागचा हालला का? मंग वहन कायचं.

कपाशीवाला: मंग हस्तांतरण? ते तं तलाठ्याच्या कागदावरचं वाटते बाप्पा.

जुना कोबोलवाला: तेच तं! वावर कोणी उचलून नेते का, फेरफार होते अन् सातबाऱ्यावर नाव चढते. विकल्यावर त्या वावरात नांगर घालता येत नाही तसं बफर दिल्यावर पाठवणाऱ्यानं त्यात हात घालायचा नाही.

वर्धेकडची: पण दादा, एकाच बफरची दोन-तीन टोकनं निघतात न, अन् सगळी परत आली की मंगच तो मोकळा होते.

जुना कोबोलवाला: सामाईक खातेदार, ताई. सगळ्याइच्या सह्या पायजे.

वर्धेकडची: हे पटलं. तरी दुसऱ्या मशीनवर केबलनं जाते तिथं वहनच म्हणा, तिथं डेटा खरंच जाते.

कपाशीवाला: दोन्ही ठेवतो. अन् पेसिंगले, म्हणजे डेटा किती अन् कवा सोडायचा त्याले? कॅनॉलची ‘पाळी’?

जुना कोबोलवाला: पाळी वरून ठरते. १९७४ च्या एसएनएपासून (आयबीएमची नेटवर्कची रचना) पेसिंगमंदी घेणारा सांगते तवाच पुढचा माल सुटते. कुटाराच्या गंजीवर उभा असलेला ‘येऊ दे’ म्हणते तवा खालचा टोपलं देते, तसं.

कपाशीवाला: टिपणात ‘येऊदे’ लिहिलं तं मॅनेजर मलेच येऊ देणार नाही. ‘पेसिंग’च ठेवतो.