बारावीच्या निरोप समारंभाआधीचं फोटोसेशन : तयारी काय, कधीपासून?

औसारोड_लातूर
नमस्कार. लेक बारावी सायन्सला आहे. जानेवारीच्या शेवटी सकाळी सहा मैत्रिणींचे साडीतले फोटो काढायचे ठरलंय. प्रॅक्टिकल तोंडावर असल्यानं एकच सकाळ मिळणार आणि फोटोग्राफर दोन तास देणार. साडी आजीची पैठणी, घडीवर थोडी विरलेली. लेकीला चष्मा आहे, कपाळावर मुरमं आहेत. जागा कोणती घ्यावी, किती वाजता बोलवावं, आधी काय करून ठेवावं?

उजेड_पाहणारा
ताई, आधी वेळ बांधून घ्या. त्या दिवसांत आपल्याकडं सूर्य सातच्या सुमारास उगवतो. सव्वासात ते सव्वानऊ एवढंच ऊन कामाचं. त्यानंतर डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाखाली काळी सावली धरते, आणि ती संगणकावर उजळली की कातडी राखाडी दिसते. एकीला १५ मिनिटं धरली तर सहा जणींचा दीड तास होतो, उरलेला अर्धा तास ग्रुपला. ग्रुप पहिल्यांदा उरका, साड्या चुरगळायच्या आत.

उन्हाकडं तोंड करून उभं करू नका, लेकरं डोळे बारीक करतात. सूर्य पाठीमागं, जरा बाजूला ठेवा. समोरून पांढऱ्या थर्माकोलची शीट छातीच्या उंचीवर, तीन-चार फुटांवर कुणाला तरी धरायला लावा. बुबुळात पांढरा ठिपका चमकला की उजेड पोचला म्हणायचं. तो ठिपका नसेल तर चेहरा कितीही सुंदर असो, फोटो झोपलेला दिसतो.

जागेचं म्हणाल तर गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात, मागं दुकानांच्या पाट्या आणि गाड्याच येतील. औसा-उदगीरचे किल्ले देखणे आहेत, पण संरक्षित स्मारकात स्टँड आणि लाइट लावायचे तर परवानगी आधी काढावी लागते. माझं मत कॉलेजच्या व्हरांड्याला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडं झुकलेला असतो, त्यामुळं उत्तरेला उघडणाऱ्या व्हरांड्यात दिवसभर मऊ उजेड राहतो. उशीर झाला तरी तिथं निभावतं.

पदर_आणि_निऱ्या
पैठणी आजच घडीतून काढा. सावलीत वारं द्या, डांबरगोळ्यांचा वास जाईल, आणि नवी घडी जुन्या रेषेवर न घालता चार बोटं सरकवून घाला. इस्त्री कमी तापवा, वर सुती फडकं टाका, पाणी अजिबात शिंपडू नका. रेशमावर डाग उठतो. विरलेला भाग निऱ्यांत येऊ देऊ नका, नेसताना आतल्या फेऱ्यात घ्या. खांद्याची पिन थेट रेशमात टोचली तर चालताना ताण येऊन तिथंच फाटतं. खालून सुती कापडाचा तुकडा लावून त्यासकट पिन घाला.

ब्लाउज घट्ट होत असेल तर शिंप्याला आतली माया बघायला सांगा, उसवून इंचभर तरी मिळतं. परकर सुती घ्या, सॅटिनच्या परकरावरून निऱ्या घसरतात. आदल्या रविवारी एकदा नेसवून बघा, आणि त्या दिवशीचीच चप्पल घालून. चप्पल बदलली की साडीची उंची चुकते.

सहाही जणींना सांगून ठेवा, पोपटी किंवा भडक गुलाबी साडी नको. उन्हात तिचा रंग शेजारणीच्या हनुवटीवर उतरतो.

काच_आणि_चेहरा
फेशियल-ब्लीच करायचंच असेल तर किमान आठ दिवस आधी, आयब्रो दोन-तीन दिवस आधी. नवी क्रीम या महिन्यात नकोच. मुरूम फोडू देऊ नका! लालपणा एडिटिंगला मिनिटाचं काम आहे, पण खपलीचा खरबरीतपणा लपत नाही. ओठ थंडीनं फुटतात, आठवडाभर रात्री व्हॅसलीन लावा. फ्लॅश वापरणार असतील तर पांढुरकं सनस्क्रीन टाळा, चेहरा पिठासारखा येतो.

चष्म्याच्या काड्या कानामागं किंचित वर उचला, काच खाली झुकते आणि चमक निघून जाते. उन्हात काळी पडणारी काच असेल तर चष्म्याच्या दुकानातून तशाच फ्रेमची रिकामी मागून आणा. रिकाम्या फ्रेममध्ये ती डोळे ताणेल, म्हणून डोळे मिटायला सांगून तीन म्हटल्यावर उघडायला लावा आणि लगेच क्लिक.

औसारोड_लातूर
खूप आभार. नीटच्या फॉर्मचा फोटोही त्याच सकाळी उरकावा का?

उजेड_पाहणारा
उरका, पण साडी नेसायच्या आधी, साध्या गडद कुर्त्यात. पार्श्वभूमी पांढरी लागते, त्यामुळं पांढरा कुर्ता भिंतीत मिसळून जातो. दोन्ही कान दिसले पाहिजेत, केस मागं घ्या. भिंतीपासून तीन फूट पुढं उभी करा म्हणजे मागं सावली पडणार नाही. बाकी मोजमाप त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघून घ्या.

आणि फोटो व्हॉट्सॲपवर घ्यायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. ८ × १० इंची प्रिंट नीट यायला २४०० × ३००० पिक्सेल लागतात, साध्या फॉरवर्डमध्ये तेवढे उरत नाहीत.