एसएमपीएसवर पैसे वाचवू नका

नवा पीसी जुळवताना "कॅबिनेटसोबत येणारा एसएमपीएस (पीसीच्या भागांना वीज पुरवणारा डबा) चालून जातो, उरलेले पैसे प्रोसेसरला लावा" हे इथल्या चर्चेतलं मत पुण्या-मुंबईत खपेल, आमच्याकडं नाही. परभणी जिल्ह्यात माझं ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. जुलैत पीकविम्याची रांग दारात अन् लाईटीची दिवसभर ये-जा. तसल्या फुकटच्या एसएमपीएसनं दोन वर्षांत जीव सोडला, जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. मग आय-५ प्रोसेसरचा नाद सोडून स्वस्तातला आय-३ घेतला आणि वाचलेले पैसे ८० प्लस ब्राँझवाल्या (वीज कमी वाया जाते याचा शिक्का) ४५० वॅटच्या एसएमपीएसमध्ये घातले. फॉर्म अन् टायपिंगला आय-३, १६ जीबी रॅम आणि एसएसडी म्हणजे रग्गड.

एक गोष्ट मात्र कुणी लिहिली नाही. चांगल्या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज नीट ओढून घेणारं सर्किट) असतं, आणि स्वस्तातले यूपीएस बॅटरीवर गेले की शुद्ध साइन वेव्ह, म्हणजे घरच्या लाईटीसारखी गुळगुळीत लहर, देत नाहीत. म्हणून एसएमपीएस अन् यूपीएसच्या काही जोड्या जमतच नाहीत. माझंही तेच झालं: लाईट गेली की यूपीएस टूं टूं करतोय अन् पीसी बंद! शिवाय ६०० व्हीएच्या (व्होल्ट-अँपिअर) यूपीएसवर बहुतेकदा ३६० वॅटच भार चालतो, तो आकडा मागं बारीक अक्षरात असतो. दुकानदाराला चालू पीसीवर यूपीएसची भिंतीतली पिन काढून दाखवायला लावा, मगच पैसे मोजा.